डिंगऱ्यांसाठी राखलेले मुळे

साताऱ्यात आमच्या घरामागे दहा फूट लांब, तीन फूट रुंद असा एकच वाफा आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात तिथे मुळाच लागतो. मंडईत मुळा स्वस्त मिळतो, हे खरं. पण डिंगऱ्या? मुळ्याच्या त्या कोवळ्या, टपोऱ्या शेंगा आता क्वचितच दिसतात, आणि मला त्यांच्यासाठीच मुळा लावायचा असतो.

पहिल्या वर्षी मी ताजं शेण घातलं होतं. मुळे दुतोंडी, तितोंडी निघाले. जमिनीत ढेकूळ, खडा किंवा न कुजलेलं खत आलं की मुळाला फाटे फुटतात. म्हणून आता दीड वीत खणून माती भुसभुशीत करते आणि जुनं शेणखतच मिसळते. एकेक फुटावर ओळ धरून बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल टोकते. चार-पाच दिवसांत उगवतं.

मग येते विरळणी. उगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही, पण दाटी राहिली तर नुसता पाला माजतो, मुळा पोसतच नाही. दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवावंच. उपटलेला कोवळा पाला मूगडाळ घालून परतला की त्या दिवसाची भाजी झाली. पाणी मात्र नेमाने द्यावं. ऊन आणि ताण पडला की मुळा फार तिखट होतो.

माझं बी पुसा चेतकीचं. हा वाण उन्हाळाही सोसतो, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढायला येतो. त्यानंतर जमिनीत राहिला तर आतून भेंडासारखा पोकळ होतो. म्हणून बाकीचे सगळे काढते, पण जोमदार चार राखते. ते खायचे नाहीत. त्यांना दांडा येतो, पांढरी-जांभळट फुलं लागतात, मधमाश्या दिवसभर घुटमळतात. बी घेताना एवढं बघावं, की वाण देशी हवा; थंड हवेच्या विलायती वाणांना आपल्या सपाटीवर शेंगा धरणं अवघड जातं. दांड्यावर मावा आलाच तर निंबोळी अर्क, तोही माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

डिंगरी नखाने सहज तुटते तोवरच खुडावी. दोन दिवस उशीर झाला की दोरा धरते. आत्या त्या बारीक चिरून मोहरी-हिंगाची फोडणी, भिजवलेली हरभरा डाळ, गुळाचा खडा आणि वर ओलं खोबरं घालायची. मुळ्याचा उग्रपणा त्यात मवाळ होतो, झणका तेवढा उरतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर मला दुसरं काही लागत नाही.

एका झाडाच्या शेंगा मी खुडत नाही. त्या वाळल्या तरी आपोआप फुटत नाहीत. फडक्यात बांधून लाटण्याने ठेचल्या की लालसर तपकिरी बी मोकळं होतं. ते राखेत घोळून डबीत ठेवते, पुढच्या ऑक्टोबरासाठी.