‘बसा’ आणि ‘सिट डाऊन’

पालमसारख्या गावातलं लेकरू शाळेत गेलं, की इंग्रजीचं पहिलं वाक्य कोणतं शिकतं? ‘गुड मॉर्निंग’ म्हणाल, तर ते वाक्य नव्हे. पहिलं वाक्य ‘सिट डाऊन’. गुरुजी वर्गात आले, की सगळी मुलं उभी राहतात. गुरुजी म्हणतात, ‘सिट डाऊन’, आणि मुलं ‘थँक यू सर’ असा गजर करून बसतात. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 साली राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं. पण सुरुवात तीच राहिली. अशा रोजच्या दोन शब्दांत समजावून सांगण्यासारखं काय असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. पण या दोन शब्दांनी माझी एकदा चांगलीच फजिती केली.

1984 सालची गोष्ट. बी.एड. होऊन मी नोकरीच्या शोधात होतो. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा होती. मुलाखतीला आत गेलो, तर समोरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, ‘प्लीज बी सीटेड’. मी उभाच! ‘सिट’ ठाऊक होतं, हे ‘सीटेड’ काय प्रकरण आहे ते कळेना. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘अजून उभे का?’ मी घाईघाईनं खुर्चीत टेकलो आणि म्हणालो, ‘सर, आय हॅव सॅट.’ तिघेही हसले. नोकरी मिळाली नाही. ती मिळाली नाही याचं दुःख पुढं विसरलो, पण ते हसू काही विसरलो नाही. माझं चुकलं काय, हे समजून घेण्यात मात्र पुढची काही वर्षं गेली.

चूक माझ्या मराठीतून आली होती. आपण म्हणतो, ‘मी बसलो आहे.’ त्याचं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं, की ‘आय हॅव सॅट’ होतं. पण मराठीतल्या ‘बसलो आहे’चा अर्थ काय? बसण्याची क्रिया झाली आणि मी अजून त्याच स्थितीत आहे. त्या स्थितीसाठी इंग्रजी म्हणतं, ‘आय ॲम सिटिंग’. इथं आपला विद्यार्थी अडतो. त्याला शिकवलेलं असतं, की ‘आय ॲम’च्या पुढं ‘आयएनजी’ आलं, की ‘करत आहे’ म्हणायचं. मग ‘आय ॲम सिटिंग’ म्हणजे ‘मी बसत आहे’. पण खुर्चीवर दहा मिनिटं बसलेला माणूस ‘मी बसत आहे’ असं कधी म्हणेल का?

मग बसण्याची क्रिया, म्हणजे उभ्याचं बसतं होणं, इंग्रजी कशी सांगतं? त्यासाठी आहे ते ‘डाऊन’. ‘ही इज सिटिंग डाऊन’ म्हणजे साधारणपणे तो आत्ता बसतो आहे, गुडघे वाकताहेत. ‘ही इज सिटिंग’ म्हणजे तो बसलेला आहे. मी त्या दिवशी ‘आय हॅव सॅट डाऊन’ म्हणालो असतो, तर वाक्य बरोबर ठरलं असतं. एका ‘डाऊन’ची कसर राहिली!

गंमत अशी, की हा फरक आमच्या पालमच्या बोलीत अगदी चोख आहे. आम्ही म्हणतो, ‘थांब, बसायलोय’ आणि ‘कवाचा बसलोय’. ‘बसायलोय’ ते ‘सिटिंग डाऊन’ आणि ‘बसलोय’ ते ‘सिटिंग’. वर्गात हे सांगितलं, की शेवटच्या बाकावरच्या पोराच्या चेहऱ्यावरही उजेड पडायचा. ज्या बोलीला गावंढळ म्हणून नावं ठेवली जातात, तीच इंग्रजीची किल्ली निघाली. ‘आजी झोपली आहे’ याचंही तसंच. मुलं ‘हॅज स्लेप्ट’ लिहितात, हवं असतं ‘इज स्लीपिंग’.

दुसरा घोटाळा खुद्द ‘डाऊन’चा. मुलं त्याचा अर्थ ‘खाली’ असा घेतात आणि ‘सिट डाऊन’चं भाषांतर करतात ‘खाली बस’. मराठीत ‘खाली बस’ म्हटलं, की बहुधा जमीन आली, सतरंजी आली. इंग्रजीतलं ‘डाऊन’ जमिनीवर नेत नाही. माणूस खुर्चीवर बसला, बाकावर बसला, तरी ‘सिट डाऊन’च. उभा देह खाली येतो, एवढंच ते सांगतं. उलट आडवा पडलेला माणूस बसता झाला, तर तो ‘सिट्स अप’. आपण त्याला ‘उठून बसला’ म्हणतो. म्हणजे बसणं एकच. कुठून सुरुवात केली यावर ‘डाऊन’ की ‘अप’ ते ठरतं.

आता तिसरी गोष्ट, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एकदा शाळेत तपासणीला एक साहेब आले. माझ्या एका विद्यार्थ्यानं लगबगीनं खुर्ची पुढं केली आणि छातीठोक आवाजात म्हणाला, ‘सर, सिट डाऊन!’ साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पोराच्या मनात होतं ‘बसा’, साहेबांच्या कानावर पडलं ‘बस’. मराठीत मान क्रियापदातच असतो. बस, बसा, बसावं, बसून घ्या, अशा पायऱ्या आहेत. शिवाय आमचा मुलूख 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळं ‘तशरीफ रखिए’ हेही जुन्या माणसांच्या कानांवरचं. इंग्रजीत क्रियापद एकच. लहानाला तेच, मोठ्यालाही तेच. मग मान ठेवायचा कुठं? क्रियापदाच्या आजूबाजूला. ‘प्लीज सिट डाऊन’, ‘डू सिट डाऊन’, ‘हॅव अ सीट’. आपण ‘बसा की’ म्हणतो, तसं ते ‘वोन्ट यू सिट डाऊन?’ असं विचारतात. आणि ‘प्लीज बी सीटेड’ हे जरा औपचारिक, सभा-समारंभातलं, माझी दांडी उडवणारं. नुसतं ‘सिट डाऊन’ उद्धटच असतं असं मात्र नाही. मित्र दारात आला आणि हसून ‘कम इन, सिट डाऊन’ म्हटलं, तर त्यात आपुलकीच असते. आवाज आणि नातं पाहायचं.

आणखी एक मौज सांगतो. इंग्रजी ‘सिट’ हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातला ‘सद्’ धातू आणि तो एकाच कुळातले. संसद, परिषद, सभासद हे शब्द त्या ‘सद्’चे. आपलं ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून ‘बैसणे’ होत आलेलं. म्हणजे संसदेचं नातं मराठी ‘बसण्या’पेक्षा इंग्रजी ‘सिट’शी जवळचं!

पण कोण कुठं बसणार, हा प्रश्न आपल्याकडं नुसता व्याकरणाचा कधीच नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे, तेही घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. माझे वडील शेतकरी. कचेरीत कामाला गेले, की टेबलासमोर उभे राहायचे. समोर खुर्ची रिकामी असायची, पण ‘बसा’ म्हणणारं कुणी नसायचं, आणि न सांगता बसायची त्यांची हिंमत नव्हती. लहानपणी मी त्यांचं बोट धरून तिथं उभा राहिलो आहे. म्हणून वर्गात ‘सिट डाऊन’ शिकवताना मी मुलांना सांगायचो, उद्या तुम्ही टेबलाच्या पलीकडं बसाल, तेव्हा समोरच्याला आधी बसायला सांगा. कोणत्या भाषेत सांगता, ते नंतर पाहू.

मागं माझ्या एका विद्यार्थ्याचा पुण्याहून फोन आला. मुलाखत देऊन बाहेर पडला होता. म्हणाला, ‘सर, त्यांनी हॅव अ सीट म्हटलं.’

मी विचारलं, ‘मग तू काय केलंस?’

‘थँक यू म्हणलो आन् बसलो, सर.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)