जाहिरात कीं ओळख?

मेतकूट, भाजणी, लोणचीं, दिवाळीचा फराळ, भरतकाम केलेलीं वस्त्रें किंवा मुलांची शिकवणी, असा एखादा लहानसा व्यवसाय आज पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून चालूं लागला आहे. कोणाच्या घरीं तो हौसेनें निघतो, कोणाच्या घरीं निकडीनें. हौसेनें काढलेला व्यवसाय बुडाला तर चार दिवस मन खट्टू होतें. निकडीनें काढलेला बुडाला तर मुलांची फी आणि घराचें भाडें अडतें. म्हणून अशा व्यवसायानें आपला माल लोकांपुढें कसा मांडावा हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. दुकानाला रस्ता असतो, घराला नसतो. तिसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघरांत कितीहि उत्तम मसाला झाला, तरी खालून जाणाऱ्यास तो कळावा कसा? या प्रश्नाचें उत्तर म्हणून इंटरनेट पुढें येतें, आणि त्याच्या मागोमाग ‘तुमचें नांव पहिल्या पानावर आणून देतों’ असें आश्वासन देणारे लोकहि येतात. या दोहोंपैकीं कशाचा किती भरंवसा धरावा, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बोलणाऱ्याचीं बोरें विकतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खोटी नाहीं. पण तिचा अर्थ ‘ओरडणाऱ्याचीं बोरें विकतात’ असा पुष्कळ लोक करतात, आणि तेथेंच फसतात. ओरडणें म्हणजे जाहिरात. ती पैसे टाकून मिळते व पैसे संपतांच थांबते. बोलणें म्हणजे ओळख. तिला वेळ लागतो, परंतु एकदां झाली म्हणजे ती आपली असते. किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र काढलें, तेव्हां तें एका कारखान्याचें माहितीपत्र होतें. त्यांत वाचकांस उपयोगी असा मजकूर येऊं लागला, आणि पुढें त्याचेंच महाराष्ट्रांतील एक अग्रगण्य मासिक झालें. नांगर विकणाऱ्यानें आधीं वाचकांशीं ओळख केली, असें म्हणावयास हरकत नाहीं. मार्च १९५९ मध्यें गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला; तोच आजचा लिज्जत पापड. ८० रुपयांत पीठ, मसाला आणि सामान यावयाचें. त्यांत जाहिरातीस काय उरणार? तेथें पापडासच स्वतःची ओळख करून द्यावी लागली. साधनें बदललीं, परंतु लहान व्यवसायाचा हा क्रम बदललेला नाहीं: आधीं ओळख, मग जाहिरात.

ही ओळख इंटरनेटवर करून देण्याचें पहिलें काम नांवापत्त्याचें आहे. पूर्वीं दारावर पाटी लावीत. तिचें काम हल्लीं गूगलच्या नकाशावरील नोंद करते. ही नोंद करण्यास पैसे पडत नाहींत. जवळपास शोध घेणाऱ्यास कोणाचें नांव आधीं दाखवावें, हें आपण मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवितों असें गूगलनें स्वतःच सांगितलें आहे: शोधणाऱ्याच्या शब्दांशीं नोंदीचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचें अंतर, आणि त्या व्यवसायाचा लौकिक. या क्रमांत वर जाण्यासाठीं गूगलला पैसे देतां येत नाहींत, हेंहि त्या कंपनीनें स्पष्ट केलें आहे. पैसे देऊन लावलेली जाहिरात निराळी असते, व ती जाहिरात आहे असें तिच्यावर लिहिलेलें असतें. तेव्हां ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ विकणारा मनुष्य जें विकतो, तें त्याच्या मालकीचेंच नसतें.

या तिहींपैकीं अंतर आपल्या हातीं नाहीं. मेळ मात्र पूर्णपणें आपल्या हातीं आहे. ‘सर्व प्रकारचे घरगुती पदार्थ मिळतील’ असें लिहिणाऱ्याचें नांव कोणाच्याहि शोधांत नीटसें बसत नाहीं. उपवासाची भाजणी हवी असलेला मनुष्य ‘उपवासाची भाजणी’ असेंच लिहून शोधतो. म्हणून प्रत्येक पदार्थाचें नांव, आपल्या पेठेचें किंवा उपनगराचें नांव, कामाचे दिवस आणि वेळ हीं अचूक लिहावीं. नांवें मराठींत लिहावींच, पण इंग्रजी अक्षरांतहि लिहावीं. कारण परदेशीं असलेला मुलगा पुण्यांतील आईवडिलांसाठीं फराळ शोधतो, तेव्हां त्याचीं बोटें बहुधा इंग्रजी अक्षरांवरच चालतात. गिऱ्हाईक घरीं येत नसेल व आपणच माल पोंचवीत असाल, तर घराचा पत्ता झांकून केवळ कोणत्या भागांत माल पोंचवितां एवढेंच दाखवितां येतें. घरीं एकट्या असणाऱ्या स्त्रियांनीं ही सोय अवश्य ध्यानांत ठेवावी.

येथें आमच्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत सांगणें उपयोगाचें होईल. यजमानांची नोकरी सुटली, मुलें शिकत होतीं, म्हणून त्यांनीं भाजणी, मेतकूट आणि लाडू करून विकण्यास आरंभ केला. हाताला चव होती. माल खपूं लागला. इतक्यांत एका जाहिरात-सल्लागारानें त्यांस गांठलें. ४०,००० रुपये द्या, तीन महिन्यांत गिऱ्हाइकांची रीघ लावून देतों, असें तो म्हणाला. बाईंनीं हातांतील बांगड्या गहाण ठेवून पैसे दिले. तीन महिन्यांनीं त्यांच्या पानाला पांच हजार अनुयायी दिसत होते. पण त्यांतील बहुतेकांस मराठी वाचतां येत नव्हतें, आणि कित्येक तर मनुष्य म्हणून अस्तित्वांत होते कीं नाहीं याचीच शंका होती. लाडू मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाईंनीं पुढील हप्ता थांबविला, तेव्हां दुसरीच गोष्ट उघडकीस आली: तें पान, नकाशावरील नोंद आणि त्यांचे गुप्तशब्द, सर्व त्या सल्लागाराच्या नांवें होतें. स्वतःच्या नांवाची पाटी स्वतःला उतरवितां येईना.

बाई खचल्या नाहींत. त्यांच्यापाशीं हिशेबाची एक वही होती. तींत पूर्वीं माल नेलेल्या ६३ लोकांचीं नांवें व फोन-क्रमांक होते. त्यांनीं एकेकास स्वतः निरोप पाठविला: दर मंगळवारीं ताजी भाजणी होईल, शुक्रवारीं लाडू, किंमत ही, पुढेंहि असे निरोप पाठवावे काय? नको म्हणणारांचीं नांवें त्यांनीं काढून टाकलीं. उरलेल्यांतून दहाबारा घरें कायमचीं जोडलीं गेलीं, आणि त्यांनीं आणखी घरें जोडून दिलीं. दोन वर्षांनीं बांगड्या सुटल्या. सल्लागाराकडे गेलेले पैसे मात्र परत आले नाहींत.

या हकीकतींत दोन बोध आहेत. पहिला असा कीं, कोणाचीहि मदत घेतली तरी प्रत्येक खातें आपल्या नांवें, आपल्या फोन-क्रमांकावर उघडलें पाहिजे. मदतनिसास काम करण्यापुरता अधिकार द्यावा, मालकी देऊं नये. दुसरा असा कीं, गिऱ्हाइकांची यादी हेंच लहान व्यवसायाचें खरें भांडवल होय. इतर सर्व जागा भाड्याच्या. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली, आणि ज्यांनीं आपला सारा व्यवसाय टिकटॉकवर उभा केला होता त्यांचें दुकान एका दिवसांत मिटलें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारें सहा तास जगभर बंद पडलीं. ज्यांच्या वहींत नांवें होतीं त्यांनीं त्या दिवशींहि फोन करून माल पोंचविला असेल. म्हणून व्हॉट्सॲप जरूर वापरावें. जानेवारी २०१८ मध्यें निघालेल्या त्याच्या व्यावसायिक ॲपांत मालाची सचित्र यादी मांडण्याची व नेहमींच्या प्रश्नांस तयार उत्तरें ठेवण्याची सोय आहे. परंतु नांवें वहींतहि उतरून ठेवावीं. तसेंच परवानगीवांचून कोणास रोज निरोप पाठवूं नये. दारावर पुनःपुन्हां थाप मारणाऱ्या विक्रेत्याचें जें होतें, तेंच येथेंहि होतें. लोक दार लावून घेतात.

आतां मांडणीसंबंधीं. आमच्या पांढरपेशा घरांत वस्तु देण्याचा संकोच नाहीं, पण मोल सांगण्याचा फार. म्हणून कित्येक भगिनी चित्र दाखवितात आणि किंमत मात्र ‘खासगींत विचारा’ म्हणतात. यानें विकत घेणारा परत जातो. कारण विचारून मग नको म्हणण्याचा संकोच त्यालाहि असतोच. किंमत, वजन, किती दिवस टिकेल आणि पोंचविण्याचा खर्च, या चार गोष्टी चित्राखालीं लिहाव्या. चित्रासाठीं महागडें यंत्र नको. सकाळच्या वेळीं खिडकीपाशीं, स्वच्छ पाटावर ठेवून घेतलेलें चित्र पुरेसें होतें. दुसऱ्याचें चित्र उचलून लावूं नये. डबा उघडतांच तें उघडें पडतें. खाद्यपदार्थ विकणारांस अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी लागते, आणि तिचा १४ आंकडी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. हा क्रमांक चित्रांतहि दिसूं द्यावा. अनोळखी मनुष्यास तो शंभर विशेषणांपेक्षां अधिक धीर देतो.

तिसरी गोष्ट लौकिकाची. आणि तो आज गिऱ्हाइकांनीं लिहिलेल्या अभिप्रायांत सांठतो. माल नेऊन आठ दिवस झाले म्हणजे गिऱ्हाइकास नम्रपणें विचारावें कीं, आवडलें असल्यास आणि न आवडलें असल्यासहि दोन ओळी लिहाल काय? मात्र त्याबद्दल सूट किंवा भेट देऊं करूं नये. असे अभिप्राय गूगलच्या नियमांत बसत नाहींत व काढून टाकले जातात. भारतीय मानक ब्यूरोनेंहि २०२२ सालीं ऑनलाइन अभिप्रायांसाठीं आय. एस. १९००० हें मानक प्रसिद्ध केलें आहे. कोणी वाईट लिहिलें तर भांडूं नये. चूक असेल तर कबूल करून बदली माल द्यावा, नसेल तर दोन शांत वाक्यें लिहावीं. तीं वाक्यें भांडणारासाठीं नसतात, पुढें वाचणाऱ्या शंभर जणांसाठीं असतात. आणि ‘या मेतकुटानें मधुमेह बरा होतो’ असलीं विधानें तर स्वप्नांतहि करूं नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो; आणि दंड झाला नाहीं तरी गेलेला विश्वास परत येत नाहीं.

मग पैसे देऊन जाहिरात मुळींच करूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. आधीं ओळख जमली व माल पुरविण्याची शक्ति आली, म्हणजे करून पाहावी. पण गणित मांडून. समजा, गोड्या मसाल्याची बाटली २५० रुपयांस विकली जाते आणि सर्व खर्च १९० रुपये येतो. नफा ६० रुपये. १००० रुपयांच्या जाहिरातीनें आठ नवीं गिऱ्हाइकें आलीं, तर एकेकामागें १२५ रुपये पडले. म्हणजे पहिल्या बाटलीस ६५ रुपये तोटा, दुसऱ्या बाटलीसहि खर्च पुरता भरून येत नाहीं, आणि तेंच गिऱ्हाईक तिसऱ्या खेपेस आलें तर कोठें चार पैसे सुटतात. मसाला पुन्हां लागतो, म्हणून तेथें ही जाहिरात कदाचित् परवडेल. वर्षांतून एकदांच लागणाऱ्या वस्तूस तीच बुडवील. आपल्याकडे स्थालीपुलाक न्याय आहे: भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यास एक शीत चेपावें, सारें पातेलें उपसावें लागत नाहीं. तसें एका आठवड्यासाठीं, एकाच पदार्थाची, आपल्या गांवापुरती, लहान रकमेची जाहिरात करावी. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास ‘आमचें नांव कोठें कळलें?’ असें विचारून वहींत लिहावें. आणि मगच पुढील रक्कम टाकावी. किती जणांनीं अंगठा दाखविला हें मोजूं नये. किती जण परत आले हें मोजावें.

शेवटीं सावधगिरीची एक सूचना. एखादा अनोळखी मनुष्य फोन करतो, भरपूर माल मागतो, भाव करीत नाहीं, आणि आगाऊ पैसे पाठवितों म्हणून एक क्यूआर चिन्ह पाठवून त्यावर पिन घालावयास सांगतो. असा मनुष्य गिऱ्हाईक नव्हे, चोर समजावा. यूपीआयनें पैसे देण्यास पिन लागतो, घेण्यास कधींच लागत नाहीं. हें एक वाक्य घरांतील प्रत्येकानें पाठ करून ठेवावें.

वाचकहो, लहान व्यवसायास मोठ्या भांडवलवाल्याशीं ओरडण्याची स्पर्धा करतां यावयाची नाहीं, आणि तिची गरजहि नाहीं. त्याला लाखों लोक नकोत. दोनशें घरें पुरेत. तीं दोनशें घरें जोडण्यास नकाशावरील खरी नोंद, उघडी किंमत, वेळेवर आलेलें उत्तर, सांभाळलेली वही आणि पहिल्या डब्यासारखाच उतरलेला शंभरावा डबा, एवढें साहित्य लागतें. यांतील एकहि वस्तु कोणा सल्लागाराकडून विकत आणावी लागत नाहीं. ज्या घरीं असा व्यवसाय निकडीनें निघाला आहे, तेथील भगिनींनीं अंगावरचें सोनें काढून देण्यापूर्वीं आपली जुनी वही एकदां उघडावी, आणि आज तींतील पहिल्या दहा घरांस निरोप पाठवावा.