छेद वेगळे, तर बेरीज कशी?

अर्धा आणि पाव मिळून पाऊण, हे मराठी माणसाला पाटी-पेन्सिल न घेताही ठाऊक असते. कारण अर्ध्यात दोन पाव असतात. भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेचे मर्म इथेच आहे: आधी तुकडे एकाच मापाचे करायचे, मग मोजायचे. ५/६ + ३/८ मध्ये ६ आणि ८ यांचा लसावि २४. पहिल्याचे अंश-छेद ४ ने, दुसऱ्याचे ३ ने गुणले की २०/२४ + ९/२४ = २९/२४. छेद ४८ घेतला तरी चालते, फक्त शेवटी संक्षेप करावा लागतो. अंशात अंश, छेदात छेद मिळवणे मात्र साफ चूक: १/२ + १/४ चे २/६, म्हणजे अर्ध्याहूनही कमी! नवव्या शतकातील ‘गणितसारसंग्रहा’त महावीराचार्यांनी छेदांच्या लसाविला ‘निरुद्ध’ म्हटले आहे.