माईक कुणाच्या हातात?

कामगार संघटनेची निवडणूक म्हणजे काही पदाधिकाऱ्यांचा घरगुती मामला नव्हे. तिथे प्रचार कसा व्हावा, कुणाच्या पैशानं व्हावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण याच प्रश्नापायी अमेरिकेतल्या एका खाणकामगार पुढाऱ्याचं अख्खं घर उद्ध्वस्त झालं...

रविवारची सकाळ. संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा. खुर्च्या कमी, माणसं जास्त. व्यासपीठावर अध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष. सरचिटणीस अहवाल वाचायला उठतात आणि बघता बघता अहवालाचं भाषण होतं. बोनस कुणी मिळवून दिला? पगारवाढीचा करार कुणी केला? मग कानपिचक्या सुरू होतात. ‘आपल्यातलेच काही लोक मालकाच्या इशाऱ्यावर नाचताहेत,’ वगैरे. नावं घेतली जात नाहीत, पण कोण ते सगळ्यांना कळतं. त्या ‘काही लोकां’पैकी एक जण मागच्या रांगेतून हात वर करतो, तेव्हा उत्तर मिळतं, ‘तुमचं आयत्या वेळच्या विषयांत बघू.’ आयत्या वेळी चहा येतो. ‘हात वर करा’ म्हणतात, हात वर होतात, जुनी कार्यकारिणी ‘एकमतानं’ निवडून येते. टाळ्या!

ज्यांच्या घरात गिरणी, बँक, एसटी किंवा महापालिकेतली नोकरी आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. यात खोटं मत पडलेलं नाही, कुणाला मारहाण झालेली नाही. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते एवढंच, की हॉलचं भाडं, ध्वनिक्षेपक, सभेची नोटीस, छापील अहवाल हे सगळं सर्वांच्या वर्गणीतून आलं आणि वापरलं मात्र एका बाजूनं. मागच्या रांगेतल्या त्या माणसाची वर्गणीही त्यातच होती. म्हणजे त्याच्याच पैशानं त्याच्याविरुद्ध प्रचार झाला! ही ‘एवढीशी’ गोष्ट वाढत गेली तर कुठवर जाते, हे पाहायचं तर १९६९ सालच्या अमेरिकेत जायला हवं.

कोळशाच्या खाणीतली निवडणूक

२० नोव्हेंबर १९६८. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मिंग्टनजवळच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ७८ कामगार मेले. खाणकामगारांची संघटना होती ‘युनायटेड माइन वर्कर्स’. तिचे अध्यक्ष टोनी बॉइल घटनास्थळी आले. कंपनीला धारेवर धरण्याऐवजी त्यांनी तिच्या सहकार्याची तारीफ केली आणि खाणीत धोका असायचाच, असा सूर लावला. घरातला माणूस खाली अडकलेला असताना बायाबापड्यांना हे ऐकावं लागलं.

संघटनेच्याच वरच्या वर्तुळातले जोसेफ याब्लॉन्स्की यांनी पुढच्या वर्षी २९ मे रोजी बॉइलविरुद्ध उभं राहायचं जाहीर केलं. जवळचे लोक त्यांना ‘जॉक’ म्हणत. वय ५९. त्यांचे वडील खाणीतल्या अपघातात गेले होते. स्वतः याब्लॉन्स्की काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. अनेक वर्षं ते याच पुढाऱ्यांच्या गोटात वावरले होते. पण आता त्यांनी पुरे म्हटलं होतं.

आणि मग त्यांना कळलं, की खुर्चीवर बसलेल्या माणसाशी लढणं म्हणजे काय! संघटनेचं मुखपत्र सभासदांच्या घरोघरी जायचं. त्यात बॉइल यांचे फोटो, बॉइल यांचे दौरे, बॉइल यांचं कौतुक. याब्लॉन्स्की उभे आहेत, याचा मात्र पत्ताच नाही. स्वतःची पत्रकं सभासदांना पाठवायची, तर पत्ते संघटनेच्या कचेरीत. उमेदवारीसाठी किमान ५० शाखांची शिफारस हवी आणि शाखांच्या सभा बहुतेक बॉइलच्या माणसांच्या हातात. जूनमध्ये इलिनॉय राज्यात समर्थकांना भेटायला गेले असता कुणीतरी मागून मानेवर असा फटका मारला, की ते बेशुद्ध पडले. त्याच महिन्यात निवृत्त खाणकामगारांचं पेन्शन महिना ११५ डॉलरवरून १५० डॉलर झालं. निवृत्तांनाही मताचा हक्क होता, हे सांगायला नकोच.

याब्लॉन्स्की कोर्टात गेले. पत्रकं सभासदांना पाठवण्याचा हुकूम मिळाला. मुखपत्राच्या एकतर्फी वापरालाही कोर्टानं चाप लावला. पण मजूर खात्यानं मतदानाआधी हात घालायला नकार दिला. ९ डिसेंबर १९६९ रोजी मतदान झालं आणि बॉइल जवळजवळ दुपटीच्या फरकानं निवडून आले. याब्लॉन्स्कींनी निकाल मानला नाही, चौकशीची मागणी केली.

३१ डिसेंबरच्या रात्री पेन्सिल्व्हेनियातल्या त्यांच्या घरात तिघे मारेकरी शिरले. याब्लॉन्स्की, त्यांची पत्नी मार्गारेट आणि २५ वर्षांची मुलगी शार्लट, तिघांनाही झोपेतच गोळ्या घातल्या. ५ जानेवारीला मुलगा केनेथ घरी आला, तेव्हा त्याला तिघांचे मृतदेह दिसले.

मारेकऱ्यांना द्यायचे २० हजार डॉलर आले कुठून? संघटनेच्या तिजोरीतून! म्हाताऱ्या सभासदांची एक बनावट समिती दाखवून तो पैसा काढला होता. म्हणजे खाणकामगारांच्या वर्गणीतूनच त्यांच्या उमेदवाराचा खून झाला. बॉइल यांना १९७४ साली शिक्षा झाली, फेरसुनावणीत १९७८ साली पुन्हा दोषी ठरवलं गेलं, आणि शिक्षा भोगत असतानाच १९८५ साली ते मेले.

कायदा होता, पण...

चकित करणारी गोष्ट अशी, की हे सगळं घडलं तेव्हा अमेरिकेत कडक कायदा होता. १९५७ पासून तिथल्या सिनेटच्या एका समितीनं संघटनांमधला भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला होता. त्यानंतर १९५९ साली ‘लँड्रम-ग्रिफिन’ कायदा झाला. संघटनेतल्या निवडणुकीत प्रचार कसा व्हावा, हे त्यात बऱ्यापैकी तपशिलानं सांगितलंय.

पहिली गोष्ट पैशाची. संघटनेची वर्गणी कुठल्याही उमेदवाराच्या प्रचाराला वापरायची नाही. मालकाचा पैसाही नाही. मग तो मालक आपल्या कारखान्याचा असो की दुसऱ्या कुठला. पैसा म्हणजे नुसत्या नोटा नव्हेत. कचेरीतला फोन, छपाईचं यंत्र, संघटनेच्या पगारावरचा वेळ हेही त्यात आलं. निवडणुकीची नोटीस छापायला, मतपेट्यांना खर्च करता येतो. अमक्याला मत द्या, हे सांगायला नाही.

दुसरी गोष्ट पत्रकांची. उमेदवारानं स्वखर्चानं पत्रक पाठवायचं म्हटलं, तर संघटनेनं ते सभासदांना पाठवायलाच हवं आणि एका उमेदवाराला जी सवलत, तीच दुसऱ्याला.

तिसरी गोष्ट सभेची. सभासदाला सभेत उमेदवारांविषयी आपलं मत मांडायचा हक्क आहे. सभा चालवण्याचे वाजवी नियम संघटना करू शकते. उदाहरणार्थ, प्रत्येकाला पाच मिनिटं. पण ती पाच मिनिटं अध्यक्षांच्या माणसालाही पाचच आणि विरोधकालाही पाचच. सर्व उमेदवारांना सारखी संधी मिळणार असेल, तर संघटना खुशाल जाहीर वादसभा भरवू शकते.

शिवाय मतदान गुप्त. निवडणुकीची नोटीस किमान १५ दिवस आधी घरच्या पत्त्यावर. मतमोजणीला प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी. मतपत्रिका वर्षभर जपून ठेवायच्या.

अर्थात, सत्तेवर असलेल्यानं काम करू नये, असं कायदा म्हणत नाही. सरचिटणीसांनी करार केला, तर तो सभेला सांगणं हे त्यांचं कामच. त्या ओघात थोडीफार स्वतःची टिमकी वाजली, तरी कुणी फाशी देत नाही. पण अहवाल संपून प्रचार कुठे सुरू होतो, ती रेषा प्रत्येक सभासदाला ओळखता येते. ती ओलांडली, तर समोरच्यालाही तेवढाच वेळ द्या, इतकंच म्हणणं आहे.

मग हा कायदा असूनही याब्लॉन्स्कींचा जीव का गेला? कारण तक्रारीचा रस्ता लांबचा होता. आधी संघटनेकडेच दाद मागायची, मग सरकारकडे, तीही निवडणूक झाल्यावर. नियम कागदावर असून भागत नाही. ते वेळेवर अमलात आणणारा कुणीतरी लागतो, हे तीन जीव गेल्यावर सरकारला उमगलं. खुनानंतर मजूर खात्यानं कसून चौकशी केली. १ मे १९७२ रोजी न्यायाधीश विल्यम ब्रायंट यांनी १९६९ची निवडणूक रद्द केली. मुखपत्राचा प्रचारासाठी वापर, संघटनेच्या पैशाचा वापर, गुप्त मतदानाचा अभाव असे ठपके होते. डिसेंबर १९७२ मध्ये सरकारी देखरेखीखाली फेरमतदान झालं. या वेळी मुखपत्रात दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळाली. बॉइल हरले. निवडून आले आर्नोल्ड मिलर, कोळशाच्या धुळीनं छाती पोखरलेले वेस्ट व्हर्जिनियातले एक खाणकामगार.

सभासद तेच, संघटना तीच. तीन वर्षांत दोन्ही बाजूंचं ऐकायची सोय झाली, मत गुप्त राहिलं आणि कौल फिरला.

आणि आपल्याकडे?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या खाणींचं आपल्याला काय? पण आपलाही अनुभव फार वेगळा नाही. आपला ट्रेड युनियन कायदा १९२६ सालचा. संघटनेच्या नियमावलीत पदाधिकारी कसे निवडायचे ते लिहा, एवढं त्यानं सांगितलं. प्रचाराचे नियम मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. मात्र अमेरिकेसारखे प्रचाराचे बारीकसारीक नियम त्यातही नाहीत.

कामगार कुणाच्या मागे आहेत, हे मतपेटीतून न मोजल्याची किंमत तर मुंबईनं चांगलीच मोजली आहे. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी कामगारांचं प्रतिनिधित्व राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. ते ठरायचं सभासदांच्या नोंदीवरून, गुप्त मतदानानं नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. हा कायदा रद्द करा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. रस्त्यावर कामगार एकाच्या मागे आणि वाटाघाटीचा कायदेशीर हक्क दुसऱ्याकडे! गिरणगावाचं पुढे काय झालं, ते सांगायला नको.

त्यानंतर वारं थोडं बदललं. फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं संघटनेला मान्यता देताना गुप्त मतदान कसं घ्यावं, त्याची पद्धत आखून दिली. रेल्वेत २००७, २०१३ आणि अलीकडे डिसेंबर २०२४ मध्ये गुप्त मतदानानं मान्यताप्राप्त संघटना ठरल्या. पण हे झालं दोन संघटनांमधलं. एकाच संघटनेच्या पोटातल्या निवडणुकीचं काय? तिथे आजही सारा भरवसा नियमावलीवर आणि सभासदांच्या जागरूकतेवर.

म्हणून सभेची नोटीस हातात पडली, की ती पाकिटात कोंबून ठेवू नका. घरातल्या कमावत्या माणसाला काही प्रश्न जरूर विचारा.

नोटीस आल्यावर विचारा

• निवडणुकीचा विषय नोटिशीत स्पष्ट लिहिला आहे का, की आयत्या वेळी येणार?

• अर्ज भरण्याची आणि मागे घेण्याची तारीख सर्वांना कळली आहे का?

• सभासदांची यादी सर्व उमेदवारांना मिळते का? (१९२६च्या कायद्यानंही सभासदाला हिशेब आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क दिला होता.)

• उमेदवारांना बोलायला सारखा वेळ आहे का? स्वतः उमेदवार असलेला माणूसच सभेचं अध्यक्षस्थान भूषवणार आहे का?

• पत्रकांचा, जेवणावळींचा, गाड्यांचा खर्च कोण करतंय?

• मत चिठ्ठीवर की हात वर करून? मोजायला कोण बसणार?

हे प्रश्न फक्त कारखान्यापुरते नाहीत. गृहनिर्माण सोसायटी, पतपेढी, महिला मंडळ, शाळेचा पालक संघ, जिथे वर्गणी आहे आणि सभा आहे, तिथे ते लागू पडतात. आपण स्वतः सत्तेवर असलो, तर जास्तच. कारण असे नियम करायला खुर्चीवरच्या माणसाला कधीच घाई नसते. खुर्ची गेल्यावर मात्र त्याला ते एकदम आठवतात!

पुढच्या सभेत मागच्या रांगेतून एखादा हात वर झाला, तर त्या माणसाचं म्हणणं तुम्हाला पटेलच असं नाही. मत दुसऱ्यालाच द्या हवं तर. पण आधी त्याच्या हातात माईक द्या.