डब्यातला टोमॅटो : चवीचा की भरपूर मालाचा?

2023 च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि आमच्या रश्श्यात चिंच पडू लागली. पुढच्या हंगामात मी गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांतून तीन वाण लावले.

गावठी टोमॅटो चपटा, वळ्या पडलेला. माल थोडा, पण चटणीला त्याची सर कशालाच नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी चवीने त्याच्या जवळचा, आंबटसर. साल पातळ, लांबच्या बाजारात नेताना फुटतो. पण आपल्याला गॅलरीतून शेगडीपर्यंतच न्यायचा! पांढऱ्या माशीने बोकड्या रोग आणला, तेव्हा रुबीची पाने आकसली. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा संकरित अर्का रक्षक मात्र तगला. माल सर्वांत जास्त, फळे घट्ट. सौ.चे मत : "भाजीत पडला तरी कळत नाही."

भगिनींनो, बियाण्याचाही हिशेब धरा. संकरिताचे बी धरले तर पुढची झाडे तशीच येत नाहीत. पुडी पुन्हा विकतच घ्यावी लागते. गावठी व रुबीचे बी पिकल्या फळातून काढावे, दोन दिवस आंबवून धुवावे आणि सावलीत वाळवावे.

यंदा आमच्याकडे रुबीचे दोन डबे, रक्षकचा एक. गावठीचे बी शेजारच्या मावशींनी मागून नेले.