न पाठवलेली तार

हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली ती मुंबईत जन्मलेल्या एका पारशी व्यापाऱ्याच्या देणगीतून. होरमसजी नवरोजी मोदी हे त्यांचं नाव. 1910 मध्ये पायाभरणी झाली, 1912 मध्ये इमारत पुरी झाली आणि मोदी मधल्याच वर्षी वारले. जानेवारी 1996 मध्ये याच विद्यापीठात अमेरिका, रशिया, चीन आणि इतर देशांतले इतिहासकार आशियातल्या शीतयुद्धावर बोलायला जमले. वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमधला, 1991 साली सुरू झालेला शीतयुद्धाच्या इतिहासाचा प्रकल्प त्यामागे होता. जागा अचूक हेरली होती. हाँगकाँग अजून ब्रिटिशांकडे होतं आणि दीड वर्षात चीनकडे जायचं होतं. चिनी अभ्यासकांना यायला जवळ, आणि बोलायला बीजिंगपेक्षा मोकळं.

बाहेरून पाहणाऱ्याला अशी चर्चासत्रं कंटाळवाणी वाटतात, आणि पुष्कळदा ती तशी असतातही. निबंध आधीच वाटलेला असतो. पाहुणा वीसेक मिनिटांत त्याचा सारांश सांगतो, चर्चक त्यावर शेरे मारतो, अध्यक्ष घड्याळाकडे बघतात. खरं काम सुरू होतं ते कुणीतरी तळटिपेवर बोट ठेवून विचारतं तेव्हा: हा कागद तुम्ही कुठल्या दफ्तरात पाहिलात? मूळ पाहिलंत की छापील?

त्या हिवाळ्यात असाच एक कागद इतिहासकारांच्या टेबलावर होता. तारीख 2 ऑक्टोबर 1950. कोरियात अमेरिकी फौजा उत्तरेकडे सरकत होत्या आणि उत्तर कोरियाचे नेते किम इल-सुंग यांचं सैन्य मोडलं होतं. आदल्या दिवशी स्टालिन यांनी माओंना कळवलं होतं की निदान पाच-सहा डिव्हिजन ताबडतोब 38व्या अक्षांशाकडे पाठवा. माओंनी काय उत्तर दिलं? 1987 साली चीनमध्ये अंतर्गत वापरासाठी छापलेल्या माओंच्या लेखनसंग्रहात ते होतं: स्वयंसेवकांच्या नावाने सैन्य पाठवायचं ठरलं आहे, 12 डिव्हिजन 15 ऑक्टोबरपासून हलतील. हे वाक्य हाती आल्यावर इतिहासकारांनी त्यावर इमले बांधले. माओंचा निर्णय झटपट आणि ठाम होता, हा त्यांतला मुख्य.

मग मॉस्कोतल्या राष्ट्राध्यक्षांच्या दफ्तरातून दुसरा कागद निघाला. रशियन अभ्यासक अलेक्झांडर मन्सूरोव यांनी तो विल्सन सेंटरच्या पत्रिकेत छापला. बीजिंगमधले सोव्हिएत राजदूत रोशिन यांनी 3 ऑक्टोबरला पाठवलेल्या तारेत माओंचं उत्तर होतं, पण नेमकं उलटं: आमची सामग्री अपुरी आहे, अमेरिकेशी उघड युद्ध पेटेल, तुम्हीही त्यात ओढले जाल, केंद्रीय समितीतल्या अनेक सहकाऱ्यांना सबुरी बरी वाटते, तूर्त सैन्य नको.

एकाच माणसाचं, एकाच माणसाला, एकाच दिवसाचं उत्तर, आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडणारी. रशियन प्रत बनावट आहे का, की चिनी संपादकांनी काही घुसडलं? दोन्ही बाजूंना संशय घ्यायला पुरेशी कारणं होती. शिवाय राष्ट्राभिमान हाही चर्चासत्रात न बोलावता येणारा पाहुणा असतो.

उलगडा झाला तो कागद पुन्हा नीट पाहिल्याने. शेन झीहुआ हे चिनी इतिहासकार तसे चाकोरीबाहेरचे. सोन्याच्या व्यापारात पैसा कमावला आणि नव्वदच्या दशकात मॉस्कोची दफ्तरं उघडल्यावर तोच पैसा सोव्हिएत कागदांच्या प्रती मिळवण्यात घातला. त्यांनी त्याच पत्रिकेच्या पुढच्या वर्षीच्या अंकात उत्तर दिलं. चिनी मजकूर खरा, माओंच्याच हस्ताक्षरातला, बीजिंगच्या केंद्रीय दफ्तरात ठेवलेला. मात्र माओंच्या इतर अनेक तारांवर कार्यालयातल्या कर्मचाऱ्याची सही आणि तार रवाना झाल्याची वेळ असते; या तारेवर ती नाही. मसुदा लिहिला गेला, गेला मात्र नाही. त्याच दिवशीच्या बैठकीत सहकाऱ्यांनी विरोध केला असावा आणि मग दुसरं उत्तर रोशिन यांच्या हाती दिलं गेलं, असं शेन यांचं म्हणणं.

शिवकालीन पत्रांवर काम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब आहे की नाही, हे तो मजकुराआधी बघतो. पण इथे ते दिसायला दोन देशांची दफ्तरं शेजारी ठेवावी लागली. चिनी कागद एकटाच असता, तर नसलेल्या सहीकडे कोण कशाला बघतंय?

या गोष्टीला एक भारतीय पदरही आहे. 2 ऑक्टोबरच्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांनी भारताचे राजदूत का. मा. पणिक्कर यांना बोलावून घेतलं. अमेरिकी सैन्याने 38वा अक्षांश ओलांडला तर चीन मध्ये पडेल, असं त्यांना बजावलं. पणिक्कर स्वतः इतिहासकार. त्यांनी निरोप दिल्लीला कळवला, तिथून तो वॉशिंग्टनला गेला, आणि तिथे पणिक्कर चीनधार्जिणे म्हणून तो फारसा मनावर घेतला गेला नाही. रोशिन यांची तार खरी धरली तर ज्या सुमारास चाउ भारतीय राजदूताला 'आम्ही येऊ' सांगत होते, त्याच सुमारास माओ स्टालिनना 'तूर्त नको' कळवत होते. 19 ऑक्टोबरला चिनी सैन्य यालू नदी ओलांडून कोरियात शिरलं.

मधल्या दिवसांत माओ खरोखर कचरत होते, की सोव्हिएत विमानं आणि शस्त्रं पदरात पाडून घेण्यासाठी ताणून धरत होते, यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही. शेन यांनी जमवलेल्या सोव्हिएत कागदांचं चिनी भाषांतर 2002 मध्ये 34 खंडांत निघालं. बीजिंगच्या परराष्ट्र मंत्रालयाने 2004 पासून आपली जुनी दफ्तरं टप्प्याटप्प्याने खुली केली आणि दहा वर्षांच्या आत त्यांतली बरीचशी पुन्हा मिटून घेतली. त्यामुळे त्या काळात कुणी उतरवून आणलेल्या नोंदी आता पाहुण्या प्राध्यापकांच्या लॅपटॉपमधून एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जातात. मूळ कागद बघता येईल का, असं कुणी विचारलं तर उत्तर बहुधा 'आता नाही' असंच येतं.