पाण्याच्या मापाने बांधलेले हॉटेल



मागच्या महिन्यात आपल्या गटातले एक जुने सभासद कार्यालयात आले. वाटले खोडव्याची नोंद द्यायला आले असतील, पण हातात नकाशा होता. मळ्यात आठ खोल्या, पुढे पोहण्याचा तलाव, बाजूला जेवणघर. म्हणाले, "साहेब, सरकारचं कृषी पर्यटनाचं धोरण २०२० सालीच झालंय. शहरातली माणसं येत्यात, हुरडा खात्यात, पैसे देऊन जात्यात. कर्ज काढू का?" मी विचारले, "आण्णा, मे महिन्यात तुमच्या विहिरीला किती परस पाणी असतं?" आण्णांनी नकाशाची गुंडाळी केली. त्यांना त्या दिवशी जी हकिकत सांगितली, तीच इथे मांडतो. विचार करणारे आणखीही सभासद आहेत.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, टांझानिया देशात झांझिबार बेट आहे. तिथली लवंग आपल्या बायकांच्या मसाल्याच्या डब्यात वर्षानुवर्षे आली आहे. त्या बेटाजवळ चुंबे नावाचे एक टीचभर बेट आहे. क्षेत्र सुमारे २२ हेक्टर, म्हणजे ५५ एकरांच्या आसपास. सगळा प्रवाळाचा खडक आणि त्यावर झाडी. ओढा नाही, विहीर नाही. १९०४ सालचा एक दीपस्तंभ आणि त्याच्या राखणदारासाठी बांधलेली हिंदुस्थानी धाटणीची लहान मशीद, अशा जुन्या वास्तू. भोवतालच्या समुद्रात मात्र जिवंत प्रवाळाचा मोठा ठेवा.

सिबिले रीडमिलर या जर्मन बाईंनी १९९१ च्या सुमारास हे बेट राखायचे मनावर घेतले. १९९४ साली तिथला समुद्र संरक्षित जाहीर झाला आणि १९९८ साली पाहुणे यायला लागले. मधली सात वर्षे परवाने आणि बांधकामात गेली. वीज कनेक्शनसाठी थांबलेल्या सभासदांना यातले दुःख वेगळे सांगायला नको.

त्यांनी खोल्या बांधल्या फक्त सात. बेटावर गोडे पाणी एकच, आभाळातून पडणारे. म्हणून प्रत्येक झोपडीचे शाकारलेले छप्पर हेच तिचे पाणलोट क्षेत्र. छपरावरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून खालच्या हौदात जाते. हौद बसायच्या जागेच्या खालीच. तिथून हातपंपाने वरच्या टाकीत चढवायचे, आणि अंघोळीचे पाणी उन्हावर तापते. दिवे सौर विजेचे. पंखा, वातानुकूलन काही नाही. झोपायच्या माडीची समोरची भिंतच दोरीने खाली सोडली की समुद्राचा वारा आत.

आता हाच हिशेब आपल्याकडे करून पाहू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दोन खोल्यांचे पत्र्याचे छप्पर १०० चौरस मीटर धरा. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर. झाले ५०,००० लिटर. गळती, उडणारे, पहिल्या पावसाचे घाण पाणी असा पाचवा हिस्सा सोडा, राहिले ४०,०००. चार पाहुणे, माणशी रोज १०० लिटर. हे पाणी १०० दिवस पुरेल. खोल्या शेजारी शेजारी वाढवल्या तर छप्परही वाढते, हे कबूल. पण त्यावर मजला चढवला की छप्पर तेवढेच आणि माणसे दुप्पट, म्हणजे दिवस ५०. आणि आण्णांचा तलाव? दहा मीटर लांब, पाच रुंद, सव्वा मीटर खोल. एकदा भरायलाच साडेबासष्ट हजार लिटर! दोन खोल्यांच्या छपराचे वर्षाचे पाणी त्यात गेले तरी तो भरत नाही. उन्हाने उडणारे वेगळेच.

यावर आण्णा म्हणाले, "साहेब, एका एकराच्या एका पाळीला तीन लाख लिटर सोडतो आपण, तिथं पाहुण्याचं काय घेऊन बसलात?" आकडा बरोबर आहे. पण ऊस एक पाळी चुकली तरी माना टाकून थांबतो, पाहुणा अंघोळीसाठी थांबत नाही. टँकर बोलवावा लागला की त्या खोलीचा नफा त्या टँकरमागेच निघून जातो.

चुंबेला संडासालाही पाणी लागत नाही. मैला कोरडा ठेवून वर पालापाचोळ्याचे कुजलेले खत टाकायचे, हवा खेळती ठेवायची, मग घाण वास येत नाही. पाचट कुजवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवे काही नाही. अंघोळीचे सांडपाणी गाळून झाडांच्या वाफ्यात सोडतात आणि त्यातले नत्र-स्फुरद झाडे खातात. तेच समुद्रात गेले तर प्रवाळ मरतो, आणि प्रवाळ मेला तर तिथे यायचे कोणी कशाला?

आता पैशाचे. दर स्वस्त नाही, पण एकच दर. त्यात नावेने नेणे-आणणे, सर्व जेवणे, समुद्रात आणि जंगलात वाटाड्याबरोबर फिरणे, सगळे आले. मला ही गोष्ट फार पटली. आपल्याकडेही पाहुण्याला ताट वाढतो, भाकरी मोजत नाही. शिवाय किती तोंडे जेवायला आहेत हे आधी कळते, त्यामुळे वाया जात नाही. सात खोल्यांवर भागवायचे तर पाहुणे वाढवून नव्हे, दर नीट धरूनच भागवावे लागते. लांब पावसाळ्यात, एप्रिलच्या मध्यापासून सुमारे दोन महिने, ते धंदा चक्क बंद ठेवतात.

त्या उत्पन्नातूनच बेटाची राखण होते. राखणदार कोण, तर पूर्वीचे मच्छीमार. ते हत्यार बाळगत नाहीत. जाळे घेऊन आलेल्या भाऊबंदांना समजावतात, की इथे मासा वाढला तर तो बाहेर तुमच्याच जाळ्यात येणार. झांझिबारच्या शाळांतली मुलेही तिथे फुकट सहलीला येतात. आपल्या दारचा प्रवाळ पाण्याखाली डोके घालून बघायची संधी त्यातल्या कित्येकांना तिथेच पहिल्यांदा मिळते.

आण्णांनी आता दोन खोल्यांचा नकाशा काढायला दिला आहे. तलावाच्या जागी हौद आला आहे. सुनबाईंचा हट्ट म्हणून संडास मात्र पाण्याचेच.

ज्यांना असा विचार करायचा असेल त्यांनी छपराचे लांबी-रुंदीचे माप आणि गेल्या तीन वर्षांतली मे महिन्याची विहिरीची पातळी लिहून गट कार्यालयात आणावी. सोमवारी सकाळी मी तिथेच असतो. हिशेब बसून करू, कर्जाच्या अर्जाचे मग बघू.

ऊस विकास अधिकारी